बाप्तिस्म्याचा दाखला चालत नाही

जानेवारी आला की आमच्या मालाडच्या ऑफिसात सगळ्यांची कागद शोधायची धावपळ सुरू होते. टॅक्स वाचवायला काय काय करणार ते एप्रिलमध्ये सांगितलेलं असतं, त्याचे पुरावे द्यायचे असतात. नाही दिले तर मार्चपर्यंतच्या पगारातून सगळा टॅक्स कापून घेतात. मला एरवीही एका जागी बसवत नाही. या दिवसांत तर पाणी प्यायला म्हणून मी इतक्या वेळा उठते की शेजारची विचारते, "तुला शुगर तर नाही ना गं?"

या वर्षी मी पोरीची फी दाखवली होती. इंजिनियरिंगचं कॉलेज, म्हणजे फी घसघशीत. मुलांच्या ट्यूशन फीवर सूट मिळते हे मला कँटीनमध्ये कळलं आणि स्वतःचाच राग आला. तिच्या शाळेची एवढी वर्षं मी काय झोपले होते? पावत्या स्कॅन केल्या, नात्याच्या रकान्यात 'मुलगी' लिहिलं. हात जरासुद्धा अडखळला नाही.

पोर माझ्या भावाची. ती चालायला लागायच्या आत तिची आई गेली. मरोळच्या आमच्या गावठाणात बाप्तिस्म्याच्या वेळी बाळाला हातात धरते ती गॉडमदर, आणि आई गेली तर पोर तिचं, हे कुणी कुणाला विचारत नाही. तिला मी धरलं होतं. भाऊ पुण्याकडे नोकरीला गेला, तिकडेच दुसरं लग्न केलं आणि पोर माझ्याकडे राहिली ती राहिलीच. मी लग्न केलं नाही. त्यात त्यागबिग काही नव्हता, मला कुणी पसंतच पडलं नाही. पोर मला आत्या म्हणते, भांडायला लागली की 'ए आत्या'. कागद करून ठेवावा असं घरात कुणाच्या डोक्यातही आलं नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

अकाउंट्समध्ये एक नवी मुलगी आलीय. तिने मला बोलावलं. "मॅडम, रेकॉर्डला तुम्ही सिंगल आहात. नात्याचं काहीतरी प्रूफ द्या ना."

दिलं. बाप्तिस्म्याचा दाखला. वर चर्चचा शिक्का, फादरची सही, आणि गॉडमदर म्हणून माझं नाव ठसठशीत. याहून मोठा पुरावा तो कुठला, असं मला मनापासून वाटत होतं. तरी जीव टांगणीला लागलेलाच. खाली जाऊन चहा घेतला, वर आले, पुन्हा खाली गेले. शेवटी मीच तिच्या टेबलाशी जाऊन उभी राहिले.

"मॅडम, यात आईचं नाव दुसरंच आहे."

"ती वारली."

"मग दत्तक घेतल्याचा कागद?"

"नाही. आता घेतली तर?"

"वय काय तिचं?"

"एकोणीस."

तिने मान हलवली. "अठराच्या पुढे नाही होत ना, मॅडम. आणि सूट फक्त स्वतःच्या मुलांसाठी असते. वडिलांनी भरली असती तर त्यांना मिळाली असती." ती वाईट बोलत नव्हती, म्हणून तर मला जास्त चीड आली.

घरी येऊन गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या पोटात काही राहत नाही. बोंबील साफ करता करता भावाला फोन लावला, हात ओले म्हणून स्पीकरवर. तो लगेच म्हणाला, "अगं मग पावत्या मला पाठव. बाप तर मीच आहे. माझ्या ऑफिसात कोण बघतंय पैसे कुणी भरले ते? वाया कशाला घालवायचं यार? अर्धे तुला देतो."

पैसे मला हवेच होते, खोटं कशाला बोलू. पण अंगावर पाल पडावी तसं झालं. त्याहून मोठी भीती वेगळीच. पोर आतल्या खोलीत अभ्यासाला बसली होती आणि तिला सगळं ऐकू जात होतं. नाताळला तो केक घेऊन येतो तेव्हा तिचा चेहरा कसा फुलतो ते मी दरवर्षी बघते. 'दे ना पप्पाला' म्हणाली असती तर मी दिल्या असत्या. आणि मग माझं म्हणून काय उरलं असतं?

ती बाहेर आली. ओट्यावरचा फोन उचलून तोंडाशी धरला.

"पप्पा, एक पण पावती मिळणार नाही. फी आत्याने भरलीय."

"अगं, पण ती तुझी सख्खी आई थोडीच..."

"माहितीये मला ती कोण आहे ते." आणि फोन कट केला. मग माझ्याकडे वळली. "तू गुपचूप पाठवल्यास ना, तर मी कॉलेज सोडेन."

"तोंड सांभाळ," मी म्हटलं, आणि बोंबलांकडे बघत राहिले. त्या रात्री जेवताना मी फार बडबडले. कशावर ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी क्लेम मागे घ्यायचा होता. अकाउंट्सची मुलगी म्हणाली, मेलवर एका ओळीत कारण लिहून द्या, नाहीतर ऑडिटवाले विचारत बसतील. एका ओळीचं काम, पण माझं घोडं तिथेच पेंड खाऊ लागलं. 'नजरचुकीने' लिहिलं, खोडलं. चूक कसली? 'कागदपत्रांअभावी' लिहिलं, तर तिने ते परत पाठवलं, स्पष्ट लिहा म्हणून. पाणी पिऊन आले. खिडकीशी जाऊन आले. मग बसले आणि लिहिलं, की सदर विद्यार्थिनी माझी मुलगी नाही. पाठवलं. आणि समोरचीने बघू नये म्हणून जिन्यात जाऊन रडले.

संध्याकाळी पोरीला सांगितलं, क्लेम मागे घेतला.

"कारण काय लिहिलंस?" तिने विचारलं.

"काही नाही गं," मी म्हटलं, "पावत्या नीट दिसत नव्हत्या."