दिंद्रुडची नवी मंडळी

उभ्या निजामी मुलखात कुणालाही ‘नाही’ म्हणता आलं असतं, पण आमच्या आतोबांना नाही. निजामाचा गिरदावर शेतसाऱ्याच्या वसुलीला आला की लोक रानात पळत. आतोबांच्या बाबतीत तेवढीही सवड मिळत नसे. ते आधीच ओट्यावर बसलेले असत, रिकामी गोणी मांडीवर पसरून, घरचेच असल्यासारखे पाणी मागत. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान, चौसाळ्याच्या ख्रिस्ती मंडळीचे पंच. मी तिथल्या मिशनच्या शाळेत मास्तर होतो आणि आत्याकडेच राहत होतो, त्यामुळे त्यांच्या तावडीतून सुटायचा प्रश्नच नव्हता. आमच्यात प्रार्थनेच्या जागेला देऊळ म्हणत आणि तिथे जमणाऱ्या लोकांना मंडळी. कुठल्याही गावात चार घरं ख्रिस्ती झाली की तिथे देऊळ उभं राहिलं पाहिजे आणि त्याला बाकीच्या मंडळ्यांनी हातभार लावला पाहिजे, हे एकच वेड त्यांना होतं.

मागायची त्यांची रीत अशी की ते मागतच नसत. ते प्रार्थना करत. घरात शिरून, डोळे घट्ट मिटून, शेजारच्या तीन घरांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणत, “परभू, या घरावर तुजी लई किरपा हाय. मागल्या खोलीत जवारीच्या दोन कणग्या हायेत, त्यातली एक अजून उघडली बी न्हाई. तुला समदं दिसतंय.” देवाला दिसत होतंच, आता शेजाऱ्यांनाही दिसू लागे. ‘आमेन’ व्हायच्या आत घरधनीण सूपभर ज्वारी घेऊन उभी असायची. कणग्यांचा हा तपास ते कुठून लावत, ते मला कधीच कळलं नाही.

उपासनेत तर कोण काय देणार, हे त्या माणसाला विचारायच्या आधीच ते जाहीर करून टाकत. एका रविवारी “मास्तर आपला म्हैन्याचा पगार देणार हायेत” असं ऐकून, कोण हा पुण्यवान मास्तर म्हणून मी कौतुकाने मान वळवली, तर सगळे माझ्याकडेच पाहत होते. बाहेर आल्यावर मी भांडलो. ते शांतपणे म्हणाले, “तू देणारच व्हतास की. तुला इचार करायचा तरास कावून द्यायचा?” कापणीच्या सणाला देवाला वाहिलेल्या जिनसांच्या हर्रासाची बोली लावायलाही तेच. एकच वांगं त्यांनी सात वेळा विकलेलं मी पाहिलं आहे. घेणाऱ्याने ते पुन्हा देवाला वाहायचं आणि यांनी पुन्हा बोली पुकारायची. सातव्याने ते घाईघाईने कच्चंच खाऊन टाकलं, तेव्हा कुठे थांबले.

एका साली दिंद्रुडची अकरा घरं त्यांच्या मनात बसली होती. गावच्या देवळाची पायरी या माणसांना कधी चढू दिलेली नव्हती. उपासना लिंबाखाली चाले. त्यांनी आपल्या हातांनी मातीच्या चार भिंती उभ्या केल्या होत्या, पण छपराला पैसा नव्हता. मिशनच्या साहेबाने बजावलं होतं, ज्वारीची रास घरी येईपर्यंत छप्पर चढलं नाही तर तिथला उपदेशक दुसऱ्या गावी जाईल. तो गेला की अकरा घरं पुन्हा वाऱ्यावर. आतोबांनी साऱ्या मंडळ्या पालथ्या घातल्या, तरी लाकूड आणि पत्र्यांपुरतं काही जमेना.

शेवटी ते चौसाळ्याच्या पाटलांकडे गेले. मी सोबत होतो.

“पाटील, दिंद्रुडला नवी मंडळी करतोय. हातभार लावा.”

आता पाटलांच्यात मंडळी म्हणजे बायको. त्यांची चिलीम तोंडाशीच राहिली.

“या वयात? एक हाय की घरी!”

“एकीवर भागतंय व्हय? बीडला हाय, हितं हाय. आता दिंद्रुडची. लई गरीब हाय बिचारी, डोक्यावर छप्पर न्हाई.”

“आन् काकूंना ठावं हाय का?”

“तर! रोज तिच्यासाठी मूठमूठ जवारी बाजूला काढती की.”

मला हसू आवरेना. खुलासा करायचा सोडून मी बाहेर पळालो, आणि ते चांगलंच अंगाशी आलं. आतोबा तसेच दिंद्रुडच्या वाटेला लागले, आणि पाटलांनी त्याच संध्याकाळी आत्याला निरोप धाडला की मालक दुसरा घरोबा करतायत.

मी समजवायला तोंड उघडलं की आत्या म्हणे, “तू तेंच्याच वळणाचा, गप बस.” तिने गाडी जुंपायला लावली, मला पुढे बसवलं आणि दोन दिवस वाटभर सवतीचा असा उद्धार केला की बैलसुद्धा बावरले. दिंद्रुडला आतोबा बिनछपराच्या भिंतींपुढे उभे होते.

“कुठं हाय ती?” आत्या उतरता उतरताच ओरडली.

“आलीस व्हय!” आतोबा खुशीत म्हणाले. “ही बघ नवी मंडळी.”

त्यांनी हात केला तो लिंबाखाली बसलेल्या पन्नासेक माणसांकडे. म्हातारेकोतारे, लेकुरवाळ्या बाया. पदर खोचून उभी असलेली आत्या मटकन खाली बसली, हसत सुटली आणि हसता हसता रडायला लागली. मग तिने हातातले लग्नाचे चांदीचे गोट काढून गोणीत टाकले. “घ्या. सवतीचं छप्पर मीच घालते.” आतोबा “नगं नगं” म्हणत राहिले. ज्या माणसाने कधी कुणाचं ‘नाही’ ऐकून घेतलं नाही, त्याचं ‘नगं’ तिनेही ऐकलं नाही. गोट बीडच्या सराफाकडे गेले आणि रास यायच्या आत छप्पर चढलं.

आतोबांना जाऊन पुष्कळ वर्षं झाली. लोक त्यांच्या वांग्याची गोष्ट सांगून हसतात, मीही हसतो. पण मला त्या देवळातली पहिली उपासना आठवते आणि डोळे भरून येतात. सगळे आत गेले होते. भिंतींची माती जिने कालवली, ती एक म्हातारी तेवढी बाहेर उभी होती. आतोबा म्हणाले, “ये की माय.” ती म्हणाली, “देऊळ हाय न्हवं, बाबा? आमी भाईरच बरे.” आतोबा बाहेर जाऊन तिच्याशेजारी मातीत बसले. आत गाणं खोळंबलं होतं. बऱ्याच वेळाने ती त्यांचा हात धरून उठली. उंबऱ्यावर पाय ठेवला आणि कुणी ओरडतंय का, म्हणून तिने मागे वळून पाहिलं. कुणी ओरडलं नाही.