दोनशे चाळिसावं पान

शिरवळच्या आमच्या कारखान्याच्या गेटवर मदने सुभेदार बॅग उघडायला लावण्याआधी विचारायचे, “काय वाचतोयस रं?” रजिस्टरात नाव, वेळ, सही झाली की शेवटी ‘शेरा’ असा एक रकाना होता. वर्षानुवर्षं रिकामा. सुभेदारांनी तो कामाला लावला. सध्या कुठलं पुस्तक चालू आहे आणि आपण कितव्या पानावर आहोत, ते तिथं लिहायचं. काहीच न वाचणाऱ्याच्या नावापुढे ते स्वतः ‘भाकड’ लिहीत, दूध आटलेल्या म्हशीला म्हणतात तसं. आमचे प्रॉडक्शन मॅनेजर सहा महिने भाकड होते. सिक्युरिटीचा काहीतरी कोड असेल, या समजुतीने ते रोज शेजारी सही करत.

सुभेदार खरे तर हवालदार म्हणून निवृत्त झालेले. बढती आम्ही दिली. माण तालुक्याकडचे, मेंढपाळाच्या घरातले. शाळा आठवीत सुटली आणि वाचन पलटणीत लागलं. रकान्यातलं एखादं पुस्तक आवडलं की ते मागून घेत, बदल्यात आपलं देत आणि परत करताना निकाल सुनावत. एका बक्षीसवाल्या कादंबरीवर म्हणाले, “ह्या हिरोला दोन दिस मेंढरामागं धाडा. रडायचा आपसूक थांबतोय.” पन्नास पानांत चालायला न लागणारं पुस्तक त्यांच्या लेखी बसकं जनावर. उठवण्यात वेळ घालवायचा नाही.

मी रहिमतपूरचा. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला मीच, आणि हे मी कुणाला विसरू देत नसे. सुभेदार मला ‘ग्रॅज्युएट’ म्हणूनच हाक मारत आणि मला ते गोड लागे. वाचत मात्र होतो भुतांच्या कादंबऱ्या, एसटी स्टँडवर मिळणाऱ्या, मुखपृष्ठावर कवटी असलेल्या. आता ग्रॅज्युएटने हे रकान्यात लिहायचं कसं? मी एका साहेबाच्या तोंडून ऐकलेलं इंग्रजी पुस्तकाचं नाव ठोकून दिलं. पुस्तक पाहिलंही नव्हतं. नावच इतकं वजनदार, की पाचशे पानं तरी असणार असं धरून रोज दहा-बारा पानं पुढे सरकत राहिलो. कसं आहे असं कुणी विचारलं तर ‘खोल आहे’ म्हणायचं. पुढचं कुणी विचारत नाही.

एका सोमवारी मी २४० आकडा घातला. सुभेदारांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि खुर्ची दिली. एरवी ते कुणालाच खुर्ची देत नसत.

“ग्रॅज्युएट, ते पुस्तक एकशे साठ पानांचं हाय.”

माझी आवृत्ती वेगळी असेल, असं मी म्हणून पाहिलं. त्यांनी ते कानाआड केलं. मग सांगत गेले. त्यांची मुलगी सारिका सांगलीला कॉलेजात, होस्टेलवर. सुट्टीवर आलेल्या बापाकडून गोष्टी ऐकत वाढलेली पोर, पण कॉलेजात गेल्यापासून तिचं बोलणं आटलं. रविवारच्या फोनवर जेवलीस का, अभ्यास बरा हाय का, संपलं. शिकलेल्या पोरीशी बोलायला काहीतरी हवं म्हणून हा माणूस रकान्यातून शिकलेल्यांची पुस्तकं गोळा करत होता. माझं पुस्तक त्यांनी मोठ्या विश्वासाने तिला सांगितलं. वर स्वतःच्या पदरची भर घातली, की दोनशे पानांनंतर तर लय रंगतंय. तिच्या हातात तेव्हा ते लायब्ररीतून आणलेलं पुस्तक होतं. तिने शेवटच्या पानाचा आकडा वाचून दाखवला.

“हसली असती तर चाललं असतं रं. ‘असू दे आबा’ म्हणली अन् ठेवला फोन.”

म्हणजे थापा आम्ही दोघांनीही मारल्या होत्या, पण हे तेव्हा बोलून दाखवण्यासारखं नव्हतं. मी बॅगेतली कवटी काढून टेबलावर ठेवली आणि खरं काय ते सांगितलं. नोकरीच्या मुलाखतीत एवढा घाम फुटला नव्हता. सुभेदारांनी मधूनच एक पान उघडलं, मग पहिलं उघडलं. गेटवर ट्रकवाला हॉर्न देत होता. तिसरं पान संपल्यावरच फाटक उघडलं.

त्या रविवारी त्यांनी लेकीला सगळं कबूल केलं: ते इंग्रजी पुस्तक आपण वाचलेलं नाही, ज्याने सांगितलं त्यानेही नाही, आणि सध्या आपण भुताचं वाचतोय. तिने विचारलं, भूत कोण निघालं? ते सांगेनात. बुधवारी तिचा आपणहून फोन आला.

पुढे गेटवर बोटाचा ठसा घेणारं मशीन बसलं आणि सुभेदारांचं काम गेलं. सारिकाला सांगलीतच नोकरी लागली होती. ते तिच्याकडे राहायला गेले. मी अधूनमधून फोन करतो, दोघंही हातातलं पुस्तक सांगतो, आता खऱ्या पानासकट. मागच्या महिन्यात केला तर आवाज जरा दबका वाटला. काय झालं म्हणून विचारलं.

“सारिका दोन दिस माझ्याशी बोलत न्हाई. तिनं दिलेल्या कादंबरीतली बाई चुकली म्हणलं मी. ती म्हणती, आबा, तुमाला काय कळतंय? मीबी म्हणलं, तुला तरी काय कळतंय?”

मी तिला फोन करून समजूत काढू का, असं विचारलं.

“मधी पडू नगंस, गड्या. लय वर्सांनी भांडाय लागलीय. अजून शंभर पानं हायत.”