लाल शाईच्या ओळी

कुठलाही कागद समोर आला की सुभेदार आधी डोळे मिटून घ्यायचे. मग म्हणायचे, "वाचा आता." लष्करात त्यांची सारी नोकरी बिनतारी संदेश ऐकण्यात गेली होती. आपण वाचायचं आणि त्यांनी मान हलवायची. तुम्हालाही हसू आलं असतं, पण त्यांच्यापुढे हसायची कुणाची टाप नव्हती.

सत्तरीच्या दशकात सांगलीजवळचा आमचा कारखाना जनावरांचा चारा बारीक करणारी, विजेवर चालणारी कडबाकुट्टी यंत्रं करायचा. प्रत्येक यंत्राबरोबर वापराच्या सूचनांचा कागद द्यायचं ठरलं. मजकूर लष्करातून निवृत्त होऊन आमच्याकडे लागलेल्या सुभेदारांनी लिहिला. धोक्याच्या सूचना वेगळ्या कशा दाखवायच्या, यावर मात्र घोळ झाला. छापखानेवाला जाड टाइप म्हणत होता, मालकांना लाल शाई हवी होती. सुभेदारांचं तिसरंच. धोक्याच्या प्रत्येक ओळीआधी 'थांबा' हा शब्द छापायचा, बाकी सगळं साधं.

"आवं मालक, खेड्यात एकजण वाचतो आन घरदार ऐकतं. यंत्रात हात घालणारा ऐकणाराच असतोय."

"पानभर 'थांबा, थांबा' वाचून गिऱ्हाईक यंत्र घेईल का, सुभेदार?"

मालकांनी लाल शाई घेतली. कागद दिसायला झकास झाला. सुभेदार एवढंच म्हणाले, "हुकूम म्हंजे हुकूम."

पुढच्याच उन्हाळ्यात आटपाडीकडच्या एका वाडीत एका बाईचा उजवा हात यंत्रात गेला. घरधनी मेंढरं घेऊन लांब गेलेला. 'सूचनांचा कागद मिळाला होता' असं लिहून त्याखाली तिचा अंगठा आणायला मालकांनी आम्हा दोघांना धाडलं.

सुभेदारांनी तिला लाल ओळ दाखवली आणि वाचली. चाक फिरत असताना हात आत घालू नये.

"वाचलं हुतं की शेजारच्या गुरुजींनी," ती म्हणाली. "त्येल घालावं, पट्टा ताणावा, हात घालू नये, खाली झाडून घ्यावं. समदं एका सुरात. मला वाटलं, जमंल तसं करायचं आसंल."

सुभेदारांची मान खाली गेली. तरी त्यांनी शाईचा पॅड उघडला. मला त्यांचा राग आला आणि कीवही. बाईनं सवयीनं उजवा हात पुढं केला. मनगटापुढं काहीच नव्हतं, नुसत्या पट्ट्या. तिनं तो मागं घेतला.

"डावा चालंल का?" तिनं विचारलं.

सुभेदारांनी पॅड मिटून माझ्या हातात दिला आणि ते बाहेर पडले. मी अंगठा न उठलेला कागद घेऊन मागे धावलो, तोवर ते कराडच्या एस.टी.त चढले होते. कारखान्यात ते पुन्हा आले नाहीत. नंतर एकदा मी उंब्रजला त्यांच्या घरी गेलो. ते आत होते, खोकला ऐकू येत होता. बाहेर आले नाहीत.