वाटीखालची शीर

बापाशी माझा करार साधा होता. यंदा पोलीस भरतीत लागले तर नोकरी, नाही तर लग्न. मेंढरामागं फिरणाऱ्या घरातल्या पोरीला एवढी मोकळीक मिळाली हेच खूप झालं, असं भावकी म्हणायची. मला लग्नाचं वावडं नव्हतं, पण स्वतःचा पगार हातात येण्याआधी ते नको होतं. म्हणून कळमनुरीच्या रस्त्यानं रोज पळायचे.

हिवाळ्यात उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागलं. गंमत अशी की पळायला लागलं की दुखणं कमी व्हायचं आणि अंग गार पडलं की उकिडवं बसताना जीव जायचा. घाम निघाला की दुखणं निघतं असं आमच्यात सगळेच मानतात, म्हणून मी आणखी पळाले. तरी राहिना तेव्हा बापानं लंगड्या मेंढीचा उपाय माझ्यावर केला. चुलीत सळई तापवली.

"डाग दिला की शीर जाग्यावर येती. मेंढरं दुसऱ्या दिशी रानात जातेत, तू काहून न्हाई जायची?"

मायेनंच केलं त्यानं, त्याचाच मला जास्त राग येतो. भाजल्याच्या आगीपुढं आतलं दुखणं खरंच कळेनासं झालं आणि घरात सगळे म्हणाले, गुण आला.

भरतीच्या मैदानावर माझा गोळा चांगला लांब गेला. मग पळण्याची पाळी आली. शेवटच्या वळणावर जोर लावला आणि गुडघ्यात फट्‌कन आवाज झाला. पडले. वाटी वर मांडीकडं सरकलेली, पाय सरळ उचलता येईना. बाकीच्या पोरी बाजूनं पळत गेल्या. त्यांनी तरी काय करावं?

नांदेडला ऑपरेशन झालं. आम्ही जिला शीर म्हणतो तिला डॉक्टर कंडरा म्हणाले. मांडीचं मांस लवकर तयार होतं, पण कंडरा फार सावकाश बळकट होते. ती ताणते जराशीच, त्यापुढं तिचे तंतू तुटतात. माझे रोज थोडे थोडे तुटत होते आणि भरून यायला त्यांना उसंत मिळाली नव्हती.

"पळता येईल का?" मी विचारलं.

"चालाल," ते म्हणाले. "जोडलेली कंडरा पहिल्यासारखी होत नाही."

उन्हाळ्यात पाहुणे बघायला आले. पोहे झाले, चहा झाला. मग मुलाचा मामा म्हणाला, "पोरीला जरा चालवून दाखवा." बाजारात मेंढी घेताना असंच म्हणतात. बाप माझ्याकडं न बघता म्हणाला, "चाल, बाई."

मी ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. लंगडत होते त्याहून जास्त लंगडले, मुद्दाम. नकार यावा एवढंच मनात होतं. दुसरं काही मागायला माझ्याकडं उरलंच नव्हतं.

मामानं कप खाली ठेवला. "घरातल्या घरात फिरायला एवढं लई झालं," तो म्हणाला.

माय डोळे पुसत साखर आणायला आत गेली.