जहाजाच्या पाठीवरचं गाव

मला विमानतळावर सोडायला निघण्याआधी बाबांनी माझ्या दोन्ही बॅगांवर ऑइल पेंटने माझगावचा पत्ता लिहिला. हरवली तर घरी परत यावी म्हणून. बॅग की मी, ते बोलले नाहीत.

त्याला अठरा वर्षं झाली. यंदा सिंगापूरचं नागरिकत्व घेते आहे असं मी फोनवर सांगितलं, तेव्हा बाबा म्हणाले, "म्हणजे गाव खोडायचं." आणि फोन आईकडे दिला. शपथविधीला येणार नाही, हेही आईकरवीच कळवलं. तुम्हा नातेवाइकांपैकी काहींनीही मला बरंच सुनावलं. ऐकून घेतलं. पण रॅफल्स प्लेसच्या बँकेत मी हाडं झिजवली, बेडोकला फ्लॅट घेतला, लेक इथे वाढवली. जिथे जन्म काढायचा तिथे पाहुणी म्हणून राहायचं? मी नाही राहणार.

तरी बाबा यायला हवे होते. म्हणून डाव टाकला. शपथविधीच्या आधीच्या आठवड्यातली ब्रिटिश क्रूझ जहाजाची तिकिटं काढली, सिंगापूर ते मलेशियातलं पिनांग आणि परत. बाबा जन्मभर गोदीत फिटर. जहाजाला नाही म्हणणं त्यांच्या रक्तातच नाही.

जहाजावरचं थिएटर, तरणतलाव याकडे त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. एका गोवेकर इंजिनियरला गाठून त्याच्याकडून जहाजाची सगळी माहिती काढून घेतली. या जहाजाला सुकाणूच नाही, तळाशी टांगलेल्या विजेच्या मोटारीच फिरून त्याला वळवतात. लाटांत डोलू नये म्हणून दोन्ही बाजूंना पंख. काय डोकं लावलंय, असं दिवसभर चाललं होतं. "आजोबा सो हॅपी लाह," लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. माझ्याशी मात्र ते जेवणापुरतंच बोलत.

पिनांगला उतरल्यावर ते धक्क्यावरून तडक जहाजाच्या मागे गेले. गोदीतली सवय. जहाजाची आधी पाठ बघायची, तिथे त्याचं गाव लिहिलेलं असतं. मीही मागोमाग गेले. तिथे लंडन नव्हतं. हॅमिल्टन होतं, बर्म्युडातलं.

"बांधलं इटलीत, नोंद बर्म्युडात, खलाशी गोव्याचे नि फिलिपिन्सचे," मी म्हटलं. "मग बाबा, हे ब्रिटिश कसं?"

"चारचा चहा बघितलास ना? वळण त्यांचं आहे. पाठीवरचं गाव म्हणजे नुसतं कागदाचं काम."

बोलून गेले आणि थबकले. मी थोडीच सोडते.

"मग माझ्याच कागदाने तुमचं काय घोडं मारलंय?"

ते वळून धक्क्यावरून चालू लागले. मला संताप आला होता आणि रडूही. परतीच्या वाटेवर आम्ही कुणीच तो विषय काढला नाही.

शपथविधीला ते आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, न सांगता. पुढे त्यांच्यासाठी जागा धरली होती, तर हा माणूस शेवटच्या रांगेत जाऊन बसला. नंतर मी विचारलं, एवढं मागे कशाला?

"आमच्यात मागूनच बघतात," बाबा म्हणाले. "शपथ घेताना चपला काढून उभी होतीस."

मी खाली बघितलं. खरंच, चपला मी हातात घेऊनच बाहेर आले होते. कधी काढल्या, मला पत्ता नव्हता.

"कागदावर काय लिहायचं ते लिही," ते म्हणाले. "वळण आमचंच आहे."

तेव्हा आता खुशाल विचारा मला, कुठली म्हणून. गाव माझगाव, घर बेडोक. ज्याला पटत नसेल त्याने मागून येऊन बघावं.