राखाडी पाकीट

जूनमधल्या रजो सणाला चार दिवस घरी राहून खेत्रबासी सुरतेच्या यंत्रमागांवर परत गेला, आणि पंधरा दिवसांत त्याच्या बायकोला, बिलासिनीला, मायांगात खाज सुटली. मागोमाग पिवळट, वास मारणारं पाणी जायला लागलं. लग्नाला सात वर्षं झाली तरी कूस उजवली नव्हती, त्यामुळे ती जास्तच घाबरली. सासू म्हणाली, अंगातली उष्णता आहे. आमच्या गंजाम जिल्ह्यात बाईच्या या दुखण्याला दुसरं नावच नाही. मग दोन्ही वेळ पखाळ, म्हणजे पाण्यात आंबवलेला भात, आणि कडुलिंबाच्या पाण्यानं धुणं. दहा महिने ती बिचारी थंड भात गिळत राहिली. ओटीपोटात कळ आली की आणखी एक वाटी.

चैत्रात खेत्रबासी आला तो दंडाचं व्रत घ्यायलाच. तेरा दिवस घर सोडायचं, बायकोला शिवायचं नाही, एकदाच हातानं रांधून खायचं आणि भर उन्हात तापल्या धुळीत लोळायचं. मूल व्हावं म्हणून करतोय, असं त्यानं आईला सांगितलं आणि ते गावभर झालं. बिलासिनीचा ऊर भरून आला. कधी चार शब्द न बोलणारी ती, पण तळ्यावर तिनं हे सगळ्यांना ऐकवलं. त्याचे कपडे धुताना पिशवीत एक रिकामं राखाडी पाकीट सापडलं. डोकेदुखीचं असेल म्हणून तिनं त्यात सुया ठेवल्या.

व्रताच्या बाराव्या दिवशी कळ सोसेना तेव्हा ती आरोग्य केंद्रातल्या नर्सकडे, सबिता दिदीकडे गेली. दिदीनं तपासलं. अशी खाज कधी साध्या बुरशीनं येते, कधी फार धुण्यानंच बिघडतं, ती म्हणाली, पण हे बहुतेक नवऱ्याकडून आलंय. निरोध वापरला होता का? बिलासिनीनं नकारार्थी मान हलवली. मूल हवं असलेली माणसं निरोध कशाला वापरतील? दिदीनं एक राखाडी पाकीट फोडून गोळ्या समोरच घ्यायला लावल्या, दुसरं नवऱ्यासाठी दिलं. शिवाय मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी. रोग आत गर्भनळ्यांपर्यंत गेला असेल तर मुलाचं सांगता येत नव्हतं.

बिलासिनी पाकिटाकडं बघतच राहिली. अगदी तसंच घरी होतं, सुयांनी भरलेलं.

व्रत सुटलं, खेत्रबासी घरी आला. गुडघे सोललेले, अंगभर धूळ. व्रत करून आलेल्याच्या पाया पडलं की मूल होतं, म्हणून शेजारणी अंगणात जमल्या. तिनं त्याला आत बोलावलं, सुया जमिनीवर ओतल्या आणि जुनं पाकीट नव्याशेजारी ठेवलं.

तो पाकिटांसमोर खाली बसला. "तिथल्या डॉक्टरनं सांगितलं होतं," तो म्हणाला, "बायकोलाही औषध द्या म्हणून."

"कधी?"

"दसऱ्याला."

"मग फोनवर का नाही सांगितलंत?"

"कुठल्या तोंडानं सांगणार? म्हणून तर व्रत घेतलं. तुला हात लावायला नको, आणि देवाचीही माफी मागता येईल."

सुरतेतल्या त्या दुसऱ्या बाईचा रागसुद्धा तिला नीट येईना.

"दसऱ्यापासून तुम्ही रोज फोनवर विचारत होतात, जेवलीस का," ती म्हणाली. "मी सांगत होते, पखाळ खाल्ला. कशासाठी खातेय तेही सांगितलं होतं."

तो आपल्या सोललेल्या गुडघ्यांकडं बघत राहिला. बाहेरून सासूनं हाक मारली, बायका ताटकळल्यात, जोडीनं या. तो एकटाच उठून गेला. बिलासिनी आत बसून एकेक सुई वेचत राहिली आणि बाहेर बायका मुलांसाठी त्याच्या पाया पडत राहिल्या.