लेकरांचं पान

मास्तर कोणतंही पुस्तक पहिल्या पानापासून उघडत नसत. हातात घेतलं की मधेच अंगठा घालायचे, एक पान काढायचे, चष्मा कपाळावर सरकवून वाचायचे आणि मिटून परत द्यायचे. "पद्धतशीर न्हाई," एवढंच म्हणायचे. असं गिऱ्हाईक कोणत्या दुकानदाराला आवडेल, तुम्हीच सांगा.

जळकोटकडच्या आमच्या गावात ते शाळेवर होते. रविवारी आमच्या चार घरांच्या ख्रिस्ती मंडळीची उपासनाही तेच घ्यायचे. बाप्तिस्मा द्यायचा अधिकार मात्र पाळकसाहेबांचा, आणि ते उदगीरहून महिन्यातून एकदा यायचे.

मोठ्या दुष्काळात मी आणि नवरा खडी फोडायला गेलो. तान्ही लेक सोबत होती. पाळकसाहेब गावात येऊन गेले तेव्हा आम्ही खडीवर. ते परत यायच्या आत लेकीला हगवण लागली आणि ती गेली. मंडळीतली एक म्हातारी माझ्या तोंडावर म्हणाली, "बाप्तिस्म्याबिगर गेली. देव घेतो का न्हाई, कोन सांगावं."

बाकीचे म्हणाले, मनाला लावून घेऊ नको. मी मास्तरांना गाठलं. "मास्तर, माझी लेक कुठं हाय?"

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. मग म्हणाले, "आक्का, आत्ता काही बोललो तर तुला बरं वाटावं म्हणून बोलल्यासारखं होईल. पद्धतशीर बघून सांगतो."

तेव्हा मला राग आला. पण गोड बोलणारे पुष्कळ भेटले. न कळणारं न कळणारं म्हणून ठेवणारा हा एकच.

त्यांना एक मोठं पुस्तक घ्यायचं होतं. आमच्या पंथाची सगळी शिकवण ओळीनं लावलेलं, इंग्रजी. त्याला ते सुधारित पंथाचं ईश्वरज्ञान म्हणायचे. त्या दिवसांत गावात सुधारित म्हणजे फक्त बियाणं. माझा नवरा म्हणाला, "मास्तर, देवात बी हायब्रीड निघालं का?"

"वाण जुनंच हाय, बाबा. खडे निवडून काढलेत."

असली पुस्तकं नांदेड-लातूरला ख्रिस्ती मंडळ्यांच्या मोठ्या सभा भरत, तिथं विकायला यायची. मास्तर नांदेडला गेले की मी वाट बघायची, आणि ते रिकाम्या हातानं परत यायचे. एकदा म्हणाले, "देवदूतांवर लई लिहिलंय. लेकरांवर एक ओळ." दुसऱ्या खेपेला पुस्तकवाला म्हणाला, "मास्तर, घेणार का नुसतं चाळून राहिलात?" हे म्हणाले, "मला एकाच पानाचं काम हाय."

मग लातूर जिल्हा झाला. शाळेत पेढे वाटले. आमचं गाव उस्मानाबादेतून लातुरात गेलं, विहिरीचं पाणी होतं तेवढंच राहिलं. त्याच वर्षी मास्तर लातूरहून आले ते एसटीतून उतरून थेट माझ्या दारात. उपरण्यात पुस्तक. मी भाकरी थापत होते.

त्यांनी पान काढलं आणि मराठीत करून सांगितलं. विश्वासणाऱ्यांची लेकरं जन्मापासून देवाच्या वचनात असतात. बाप्तिस्मा ही त्या वचनाची खूण. खूण करायची राहिली म्हणून वचन मोडत नाही.

"म्हंजे?"

"म्हंजे लेक देवापाशी हाय. आता पद्धतशीर सांगतो."

मी म्हटलं, "ह्यानं कशावरनं लिहिलं?"

ते खुशीत हसले. "तेच तर. बाकीचे नुसतं म्हणतात. हा प्रत्येक ओळीला बायबलातली वचनं दाखवतो. तिथंच उभ्यानं सगळी ताडून बघितली. म्हणून हेच घेतलं."

मी म्हटलं, "आता त्या म्हातारीला बी वाचून दाखवा."

"ती तर मागंच गेली, आक्का."

"मग ऱ्हाऊ द्या. तिला माझ्या लेकीनंच सांगितलं असंल."

मास्तर जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. पुस्तक त्यांच्या मुलाकडे पुण्याला गेलं. परवा मंडळीत नवे पाळक आले. त्यांनी चकचकीत, उशीएवढं जाड पुस्तक दाखवलं. म्हणाले, "आजी, यात सगळं आहे."

मी म्हटलं, "लेकरांचं पान काढा."

ते पुढून चाळायला लागले. मग मागून.

"सावकाश बघा," मी म्हटलं आणि उंबऱ्यावर बसले. "मला थांबायची सवय हाय."